आधी त्यांची बाजू लिही

अगं,

तुझं टिपण वाचलं. युक्तिवाद लिहायला शिकताना काय काय शिकलीस ते तू लिहिलंयस, आणि पहिली दोन पानं अगदी आज्ञाधारक आहेत, दावा कसा मांडायचा, पुरावा कुठे द्यायचा, प्रतिवादाला एक परिच्छेद कसा ठेवायचा, सगळं शिकवलं तस्सं. ते मी भराभर चाळलं. पण शेवटाकडे तू हळूच एक वाक्य टाकलंयस की आता मला कुठल्याही बाजूने लिहिता येतं आणि त्यामुळे मला स्वतःला नक्की काय वाटतं तेच कळेनासं झालंय, हे शिकणं आहे की ढोंग? आणि लगेच पुढे, 'असो, एकंदरीत अनुभव समृद्ध करणारा होता.' ते 'असो' वाचून मला राग आला, खरं सांगतो. अख्ख्या टिपणात तो एकच प्रश्न तुझा स्वतःचा आहे आणि त्याच्यावरच तू पांघरूण घातलंस.

म्हणून हे पत्र. तू छान लिहितेस, हिंमत सोडू नकोस वगैरे मी सांगत बसणार नाही, ते तुला माहितीये.

तू सोबत जोडलेला निबंधच घेऊ. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवून लिहू द्यावं या बाजूने तू लिहिलंयस. चौथा परिच्छेद असा सुरू होतो: 'काही लोकांचे असे म्हणणे आहे की यामुळे विद्यार्थी अभ्यासच करणार नाहीत. परंतु हे म्हणणे चुकीचे आहे.'

कोण गं हे काही लोक? यातल्या एकाशी तरी बोललीस का कधी? हे माणूस नाहीयेत, हे तू मार खायला आणून उभं केलेलं बुजगावणं आहे, एका वाक्यात येतं, दुसऱ्या वाक्यात पडतं आणि तू पुढे सटकतेस. आणि मग वर्गात उलट बाजूने लिहायला सांगितलं की तू हेच करत असणार, फक्त बुजगावण्याचे कपडे बदलत असशील. त्यामुळे 'मला कुठल्याही बाजूने लिहिता येतं' हे मला मान्यच नाही. तू अजून एकाही बाजूला जाऊन बसलेली नाहीस, मग तुला काय वाटतं ते तुला कळणार कुठून?

माझं सांगणं एकच आहे आणि ते मी इतक्यांदा सांगणारे की तू वैतागशील. आधी त्यांची बाजू लिही. अशी लिही की त्यांच्यातल्या सगळ्यात हुशार माणसाने वाचून म्हणावं, हो, मला हेच म्हणायचं होतं, आणि माझ्यापेक्षा बरं मांडलंयस. तसं तो म्हणेपर्यंत स्वतःच्या बाजूचा एक शब्द लिहायचा नाही.

करून दाखवतो, नाहीतर तुला वाटेल म्हातारा तत्त्वं झोडतोय. एक शिक्षिका डोळ्यासमोर आण, मुलांवर जीव असलेली, आळशी नाही, जुनाट नाही, आणि उघड्या पुस्तकाला तिचा ठाम विरोध आहे. ती 'मुलं अभ्यास करणार नाहीत' एवढंच म्हणून थांबेल? ती म्हणेल, अगं, न बघता आठवणं ही नुसती तपासणी नसते, आठवण्यानेच शिकणं पक्कं होतं. आणि तिच्याकडे पुरावा आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले, काहींनी उतारा परत वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर पारडं फिरलं, आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. मग ती पुढे म्हणेल की ज्याच्या डोक्यात पायाच्या गोष्टी नाहीत तो पुस्तक उघडं असलं तरी पानं उलटण्यातच वेळ घालवतो, म्हणजे या पद्धतीचा फायदा आधीच ज्याला येतं त्यालाच जास्त. आणि उघड्या पुस्तकाच्या परीक्षेला प्रश्न वेगळे काढावे लागतात, ते काढायला आणि तपासायला शिक्षकांना कोण शिकवणार?

आता म्हण बघू, 'परंतु हे म्हणणे चुकीचे आहे.' जीभ अडखळते ना? अडखळू दे. खरं लिखाण इथून पुढे सुरू होतं. कारण आता तुला तिचा मुद्दा नीट बघावा लागतो आणि बघितलास की दिसतं, त्या प्रयोगात आठवून लिहिण्याचा फायदा शिकताना झालाय. मग तो सराव वर्षभर वर्गात छोट्या छोट्या चाचण्यांतून घ्या, पुस्तक बंद ठेवून, आणि शेवटच्या परीक्षेत पुस्तक उघडा, असं तुला म्हणता येतं. पानं उलटणाऱ्या मुलाची काळजीही त्यातच बरीचशी मिटते, प्रश्न कोण काढणार हा मुद्दा मात्र तसाच उरतो आणि तो उरलाय हे तुला लिहावं लागेल. तुझा दावा आता लहान झालाय, आधीइतका मिरवण्यासारखा राहिला नाही, पण तो आता खोडायला अवघड आहे. आणि हा तोडगा तुझ्या मूळ निबंधात नव्हता, तो तिच्या अंगणात पडला होता, तू तिकडे फिरकलीच नव्हतीस.

तुझ्या ढोंगाच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं याच्यातच आहे. तिची बाजू इतकी प्रामाणिकपणे लिहून झाल्यावर तुझं मत जिथे जाऊन थांबेल ते तुझं. बदललं तर बदललं. तसूभरही हललं नाही तर मग ते खरंच तुझं आहे असं समज. लिहायच्या आधी 'मला काय वाटतं' असं स्वतःला विचारत बसलीस तर जे सापडतं ते बहुतेक वेळा घरी, वर्गात किंवा फोनवर ऐकलेलं असतं.

तुझ्या शिक्षकांनी शेरा दिलाय की विरुद्ध मुद्द्याला जास्त जागा दिली की लेख कमजोर पडतो. परीक्षेच्या मार्कांपुरतं ते बरोबर असेल, मार्क घे बाई. पण १८५९ साली डार्विनने उत्क्रांतीवरचं पुस्तक छापलं त्यात सहावं प्रकरण अख्खं स्वतःच्या सिद्धांतातल्या अडचणींना दिलंय. डोळ्यासारखा अवयव असा हळूहळू घडला असेल हे म्हणणं अगदी अतर्क्य वाटतं असं तो स्वतःच म्हणतो, विरोधकांच्या आधी, आणि मग एकेक पायरी दाखवत जातो. त्याची एक सवय होती, आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की ती लगेच टिपून ठेवायची, कारण अशा गोष्टी मनातून फार पटकन निसटतात असा त्याचा अनुभव. पुढे मायव्हर्ट नावाच्या अभ्यासकाने कडक आक्षेप घेतले तर १८७२ च्या आवृत्तीत त्यांना उत्तर द्यायला एक नवीन प्रकरणच घातलं. कमजोर पडलं का ते पुस्तक?

आणि उलटं उदाहरण पण घे, ते मला जास्त छळतं. १८४७, व्हिएन्नाचं प्रसूतिगृह, डॉक्टर सेमेलवाइस. शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायचे असा नियम त्याने केला आणि एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर गेलेलं बाळंतिणींच्या मृत्यूचं प्रमाण उन्हाळ्यात २ टक्क्यांच्या आसपास आलं. याहून सज्जड पुरावा तू तरी कुठून आणणार आहेस? तरी बऱ्याच मोठमोठ्या डॉक्टरांनी ते मानलं नाही. कारणं पुष्कळ होती, हाताला नेमकं काय चिकटतं ते दाखवणारं जंतुशास्त्र अजून यायचं होतं, आणि बाळंतिणींना येणाऱ्या एवढ्या सगळ्या तापांचं एकच कारण कसं हा आक्षेप अगदीच वेडगळ नव्हता. पण त्याच्याही खाली एक न बोललेला मुद्दा होता, की तुझं खरं मानलं तर मी माझ्या हाताने माझ्याच रुग्णांना मारलं असं होतं. हे कुठला भला माणूस पहिल्या झटक्यात मान्य करेल? याला सामोरं जाणारं लिखाण हवं होतं. त्याने सविस्तर पुस्तक काढलं ते थेट १८६१ मध्ये, आणि मग उघड पत्रं लिहून विरोधकांना खुनी ठरवलं. त्याचा राग मला पूर्ण समजतो. पण खुनी म्हटलेला माणूस हात धुवायला जात नाही.

म्हणून परत सांगतो, त्यांची बाजू लिहायची म्हणजे नुसते त्यांचे मुद्दे मांडायचे असं नाही, तुझं ऐकलं तर त्यांचं काय जाणार आहे ते पण लिहायचं. भावना, विश्वासार्हता, तर्क ही अॅरिस्टॉटलची तिकडी तुला वर्गात शिकवलीच आहे, ती वापर, पण माझ्या मते ती तिन्ही या एका सवयीतून आपोआप येतात. समोरच्याला कळतं की हिने माझं ऐकलंय, की निम्मा विश्वास तिथेच बसतो.

आपल्याकडे न्यायदर्शनात, म्हणजे तर्काच्या जुन्या शास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत, सत्य शोधायला चालतो तो वाद, जिंकायला चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याचं पाडायचं ती वितंडा. तू फोनवर दिवसभर वाचतेस त्यातलं किती कुठल्या खान्यात जातं ते तूच ठरव. पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याचं म्हणणं आधी, मग उत्तरपक्ष म्हणजे आपलं उत्तर, ही जुनी शिस्त आहे, मी काही नवीन सांगत नाहीये, फक्त आग्रह धरतोय.

हा आग्रह मला महाग पडलाय, ते पण सांगतो म्हणजे तुला फसवल्यासारखं वाटायला नको. एका संस्थेत असताना ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवावं असा प्रस्ताव मी लिहिला होता. पहिल्याच पानावर विरोधकांचं म्हणणं मांडलं, रात्री थांबणाऱ्या कर्मचाऱ्यांची सुरक्षितता, त्यांचं घरी जाणं, खर्च, सगळं, एकदम चोख. समितीने पहिलं पान वाचलं आणि म्हणाले, तुम्हीच लिहिलंय की, मग झालं तर. प्रस्ताव बारगळला. सहकारी माझ्यावर इतके भडकले, की तूच त्यांच्या हातात दांडकं दिलंस. बायको अजून म्हणते की ते दुसऱ्या पानावर टाकलं असतं तर काय बिघडलं असतं. बघ, तिची बाजू पण नीट मांडली. आता माझी ऐक: ते मुद्दे समितीच्या मनात होतेच, मी लिहिले नसते तर त्यांनी 'बघू, विचार करू' म्हणून वर्षभर झुलवलं असतं आणि कशावर अडलंय ते आम्हाला कधी कळलंच नसतं. निदान नकार कशामुळे आला ते कागदावर आलं. आणि रात्री एकटं घरी जाणाऱ्या माणसाचा मुद्दा खरा होता, त्याचं उत्तर माझ्याकडे त्या वेळी नव्हतं, तर तो लपवून प्रस्ताव पास करून घेणं मला जमलं नसतं. हट्टीपणा म्हण हवं तर. आजही पहिल्याच पानावर लिहीन.

खंत वाटते ती त्या प्रस्तावाची नाही. खंत वाटते ती तरुणपणी टाळ्या मिळवलेल्या लेखांची. झणझणीत लिहायचो, लोक कात्रणं काढून ठेवायचे, पण ते सगळे आधीपासूनच माझ्या बाजूचे. 'तुझा लेख वाचून मत बदललं' असं मला सांगायला कुणी आलेलं मला आठवत नाही. तुझ्या निबंधाला वर्गात टाळ्या मिळाल्या असं तू कौतुकाने लिहिलंयस म्हणून हे काढलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत उघड्या पुस्तकाच्या विरोधातलं कुणी होतं का, तेवढं विचारून बघ.

तू म्हणशील, मग काय वाटेल त्या फालतू मताला पण एवढा मान द्यायचा? मान माणसाला द्यायचा, मताला नव्हे. धडधडीत खोटी गोष्ट असेल तर खोटी म्हण, पण एवढी शहाणी माणसं त्यावर विश्वास का ठेवतात ते तरी शोध, त्याशिवाय तुझं खरं त्यांच्यापर्यंत पोचायचं नाही. आणि हो, विरुद्ध बाजूचे मुद्दे एआयला विचारून काढणार असशील तर काढ, छान गुळगुळीत यादी मिळेल. पण ती यादी घेऊन एका खऱ्या माणसाकडे जा आणि विचार, यात तुमचं काय राहिलं? जे राहिलेलं असतं ना, मुद्दा तिथे असतो.

तर आता काम. तो चौथा परिच्छेद काढून टाक, अख्खा. परीक्षेत पुस्तक बंदच हवं असं मानणारी तुझ्या ओळखीतली एक व्यक्ती गाठ, शिक्षकच असं काही नाही, भाऊ चालेल, शेजारची ताई चालेल. तिचं ऐक, मधे बोलू नकोस, ही तुझी वाईट सवय मला माहितीये. मग तिची बाजू एका पानात लिही आणि तिलाच वाचायला दे. ती 'हो, हेच' म्हणाली की ते पान मला पाठव. 'हो पण' म्हणाली तर परत लिही. तुझी बाजू मला आत्ता नकोय, आणि 'असो' असलेलं काहीही नकोय.

सर