रियांश, ङ आणि अनया

राजारामपुरी : बाळाचं नाव 'रियांश' ठरलंय. मोबाईलवर कुठं 'सूर्याचा किरण' दिसतं, कुठं 'विष्णूचा अंश'. खरा अर्थ कोणता?

दोन्ही नाहीत. शेपटातला 'अंश' तेवढा खरा, म्हणजे भाग. शिवांश, देवांश यांत पुढचा शब्दही खरा आहे, म्हणून अर्थ सरळ लागतो. 'रिया' संस्कृतातला नव्हे. उर्दूत रिया म्हणजे दिखावा, आणि त्याचा अंश तुम्हाला नको असणार! हे नाव कानानं घडवलंय. मऊ 'र', मऊ 'य', लांब 'आ'. 'ळ' नाही, 'ण' नाही. पोरगं उद्या परदेशी गेलं तरी कुणाची जीभ अडायची नाही. आवडलंय ना? मग खुशाल ठेवा. फक्त बारशाच्या पत्रिकेवर सूर्य-विष्णू छापू नका. गल्लीत त्याचा 'रियांश्या' होणार, ते धरूनच चाला.

कागल : मुलगी आर्द्रा नक्षत्रावर झाली. गुरुजींनी 'ङ' अक्षर काढून दिलंय आणि सासूबाई अडून बसल्यात.

आर्द्रेची अक्षरं कु, घ, ङ, छ. म्हणजे तुमचा तिसरा चरण. 'ङ'नं नाव सुरू होत नाही हे जुन्या ज्योतिष्यांनाही ठाऊक होतं. ङ, ञ, ण आले तर ग, ज, ड धरा, असं ते सांगून गेलेत. सासूबाईंना हे ऐकवा. गौरी, गार्गी दोन्ही मोकळ्या आहेत. नाहीतर जन्मनाव पत्रिकेत ठेवा आणि हाकेचं वेगळं. घाई नको. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, पण नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. आणि तुमच्याच कागलच्या यशवंतराव घाटग्यांचे तर १८८४ मध्ये दत्तक जाताना 'शाहू' झाले.

इचलकरंजी : मी रेश्मा, हे विनायक. दोघांची अक्षरं जोडून लेकीचं 'रेवी' करावं म्हणतोय.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावापुढं आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. तिथं तुम्ही दोघं अख्खे आहात. लेकीच्या नावात परत अर्धे-अर्धे कशाला शिरताय? हौसच असेल तर 'रेवा' ठेवा. नर्मदेचं नाव आहे, 'रे' आणि 'व' दोन्ही आले.

गडहिंग्लज : 'अनया' म्हणजे काय?

संस्कृतात 'हिनं'. पसारा कुणी केला विचारलं, की उत्तर तयार.