पहिल्या मीटिंगला जाताना
मित्रा, आधी डॉक्टरांना भेट. रोजची दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. मग अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संघटना, तिच्या हेल्पलाइनवर जवळची मीटिंग विचार. ‘ओपन’ मीटिंगला घरचं माणूस सोबत चालतं, ‘क्लोज्ड’ फक्त आपल्यासारख्यांसाठी. फी नाही, पिणं सोडायची इच्छा पुरे.

मी दाराच्या कडीला हात लावून दोनदा मागे फिरलो होतो. आतून एकजण आला, नुसतं ‘बस’ म्हणाला. तासभर मी चकार शब्द काढला नाही, तरी चाललं. तूही फक्त ऐक. एक गट नाही रुचला तर दुसरा बघ. निघताना कुणाचा तरी नंबर घे आणि तलफ आली की पहिल्या घोटाआधी लाव, रात्रीचे 2 वाजले असले तरी.