पालक विचारतात : शाळेतून आलेल्या सूचना

या महिन्यातली बहुतेक पत्रं आठवी ते दहावीत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांची आहेत, आणि जवळजवळ सगळी शाळेतून आलेल्या एखाद्या सूचनेबद्दल आहेत. सूचना दोन ओळींची असते. तिच्यामागचं काम मात्र बरंच मोठं असतं, म्हणून उत्तरं थोडी लांबली आहेत.

दहावीच्या अर्जाची प्री-लिस्ट (अर्जातल्या माहितीची तपासणीसाठी छापलेली यादी) तपासून सही करून दोन दिवसांत परत द्या, असं शाळेनं कळवलंय. आईचं नाव चुकलंय आणि जन्मतारीख आधार कार्डाशी जुळत नाही. सही करून मोकळं व्हावं का?
— एक पालक, बार्शी

सही करू नका, पण कागद घरीही ठेवू नका. चुकलेल्या ओळीला गोल करा, शेजारी बरोबर मजकूर लिहा आणि त्याच दिवशी वर्गशिक्षकांच्या हातात द्या. मंडळाच्या प्रमाणपत्रावर तेच छापून येतं जे या यादीत असतं.

मग शाळेत एकच गोष्ट विचारा : जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या वेळी मुलाची नोंद होते त्या वहीत, काय लिहिलंय? सगळं त्यावर अवलंबून आहे. रजिस्टर बरोबर असेल आणि संगणकावर भरताना चूक झाली असेल, तर शाळा ती स्वतः दुरुस्त करू शकते. रजिस्टरच चुकीचं असेल, तर मुख्याध्यापकांना परस्पर खाडाखोड करता येत नाही. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे पालकांनी मुख्याध्यापकांकडे अर्ज द्यायचा, सोबत जन्मदाखला आणि मागितल्यास प्रतिज्ञापत्र जोडायचं. मुख्याध्यापक तो प्रस्ताव शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे पाठवतात. मंजुरीचा आदेश आल्यावर रजिस्टरमध्ये दुरुस्ती होते आणि तिथेच आदेशाचा क्रमांक व तारीख नोंदवली जाते. मुलाचं नाव शाळेच्या पटावर आहे तोवरच हे सरळपणे होतं. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन तो बाहेर पडला की उघड लेखनदोष सोडला तर दुरुस्ती फार अवघड होते. म्हणून हे काम खरं तर आठवीतच उरकायला हवं. दहावीपर्यंत राहिलंच असेल, तर प्रस्ताव आजच द्या.

जन्मतारखेच्या बाबतीत बहुतेक जण आधार कार्ड बरोबर धरून चालतात. ते उलट आहे. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही. पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. रजिस्टर आणि जन्मदाखला जुळत असतील तर आधार दुरुस्त करा. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, त्यामुळे केंद्रावर जाताना मूळ जन्मदाखला सोबत हवाच. मुलाला पंधरावं वर्ष पूर्ण झालं असेल, तर त्याच फेरीत बोटांचे ठसे आणि फोटो नव्यानं देऊन या. लहानपणीचे ठसे पुढे जुळत नाहीत. शाळेच्या यू-डायस प्लस (शाळांच्या माहितीचं सरकारी पोर्टल) नोंदीतलं आणि आधारवरचं नाव वेगळं असलं की अपार आयडीही, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांकही, अडकतो.

नाव-तारीख पाहून झाली की यादी खाली ठेवू नका. आडनाव पहिलं आहे ना? इंग्रजी स्पेलिंग बघा, पुढे पासपोर्टला तेच चालवावं लागतं. फोटो आपल्याच मुलाचा आहे ना, हेही बघा (हसू नका, जुळ्या भावांच्या बाबतीत अदलाबदल होऊ शकते). आणि विषय. ‘संपूर्ण संस्कृत’ आणि ‘हिंदी-संस्कृत संयुक्त’ हे दोन वेगळे विषय आहेत. पहिल्यात शंभर गुण एकाच भाषेचे, दुसऱ्यात ते दोन भाषांत निम्मे-निम्मे. यादीत एकाच्या जागी दुसरा पडला तर मुलाच्या हाती न शिकलेली प्रश्नपत्रिका येते.

‘सहावी ते दहावीच्या मुलांना दर आठवड्याला लोहाची गोळी दिली जाईल’ अशी चिठ्ठी आली. रक्तक्षय मुलींना होतो ना? मुलग्याला कशाला?
— एक आई, चंद्रपूर

हा समज फार पक्का आहे आणि चुकीचा आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वर्षांच्या मुलग्यांपैकी सुमारे 31 टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. मुलींमध्ये प्रमाण जास्त आहे, पण दहातले तीन मुलगे हा आकडा थोडा नाही. या वयात उंची झपाट्यानं वाढते, स्नायू आणि एकूण रक्त वाढतं, त्याला लोह लागतं. बारा ते चौदा वर्षांच्या मुलाचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली आणि पंधरा वर्षांपुढच्या मुलग्याचं 13 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजतात.

गोळी निळी असते : 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. ती उपाशीपोटी घेतली की मळमळतं. अशा एका दिवसानंतर मुलं गोळी खिशात घालतात आणि वाटेत फेकून देतात. म्हणून त्या दिवशी डबा चुकवायचा नाही. गोळी जेवणानंतर, पाण्याबरोबर. पुढचा तासभर चहा आणि दूध नको, त्यांनी लोह कमी शोषलं जातं. उलट डब्यात लिंबाची फोड किंवा आवळा असेल तर उत्तम. दुसऱ्या दिवशी शौच काळसर होईल; त्यानं घाबरू नका आणि मुलालाही आधीच सांगून ठेवा.

तुम्ही चंद्रपूरच्या आहात, तिकडे सिकलसेल जास्त आढळतो, म्हणून मुद्दाम लिहितो : मुलाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर शाळेला लेखी कळवा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी देऊ देऊ नका. ताप असेल त्या आठवड्यात गोळी टाळा. सुट्टीसाठी गोळ्या घरी दिल्या तर त्या वर, कुलपात ठेवा. लहान भावंडानं गोड समजून मूठभर खाल्ल्या तर ते विष आहे, लगेच दवाखाना गाठावा लागतो.

याच मालिकेतली जंताची गोळी, अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम, वर्षातून दोनदा मिळते. ती चावून खायची. आधीच जंत जास्त असतील तर थोडं पोट दुखू शकतं, ते थांबतं.

मुलगा एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेत निवडला गेला. नववीत पैसे जमा झाले, दहावीत एक रुपया नाही. शाळा म्हणते अर्ज केला नाही. एकदा निवड झाल्यावर पुन्हा अर्ज कसला?
— एक पालक, कणकवली

दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. आठवीत परीक्षा, मग नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, असे चार वर्षांचे 48,000. पण राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर प्रत्येक वर्षी अर्ज भरावा लागतो, तो आधी शाळा पडताळते आणि नंतर जिल्हा. नववीला अर्ज ‘नवीन’ म्हणून जातो, दहावीपासून ‘नूतनीकरण’ म्हणून. घोटाळा बहुधा इथेच होतो : पालक पोर्टलवरच्या ‘सबमिट’वर थांबतात आणि शाळेची पडताळणी राहून जाते. अर्जाची छापील प्रत शाळेत देऊन ‘पडताळणी झाली का’ हे आठवड्यानं विचारा.

दुसरी अडचण खात्याची. खातं मुलाच्या नावाचं हवं आणि थेट लाभासाठी आधारशी ‘सीड’ झालेलं, म्हणजे बँकेनं आधार क्रमांकाला जोडलेलं हवं. नुसतं आधारचा कागद बँकेत दिला म्हणजे सीडिंग होत नाही. दोन बँकांत खाती असतील तर शेवटी जिथे सीडिंग झालं तिथे पैसे जातात. पासबुक भरून बघा, कदाचित दुसऱ्या खात्यात पडलेही असतील.

पुढचंही आत्ताच सांगतो. अकरावीत शिष्यवृत्ती चालू राहायला दहावीत 60 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींसाठी 55. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेतला तर ती बंद होते.

चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत ‘अ’ श्रेणी आहे. दहावीला वाढीव गुण मिळतील ना?
— एक पालक, इचलकरंजी

एलिमेंटरीचे नाही. गुण त्यापुढच्या इंटरमिजिएट परीक्षेला मिळतात : ‘अ’ श्रेणीला 7, ‘ब’ला 5, ‘क’ला 3. एलिमेंटरी झालेली असल्याशिवाय इंटरमिजिएटला बसता येत नाही, म्हणून सातवी-आठवीत पहिली आणि नववीपर्यंत दुसरी, असा हिशोब ठेवा. गुण आपोआप लागत नाहीत. प्रमाणपत्राची प्रत शाळेत द्यायची, शाळा मुदतीत विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवते. प्रमाणपत्रावरचं नाव प्री-लिस्टशी जुळतंय का, तेही बघा.

शेजारच्या मुलीला एसटीचा पास फुकट, माझ्या मुलाला पैसे का पडतात?
— एक पालक, पाटण

बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे. मुलग्यांना 66.67 टक्के सवलत, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भरावा लागतो. आगारात रांग लावायची मात्र गरज नाही; शाळेनं यादी दिली की पास शाळेतच देण्याची व्यवस्था एसटीनं 2024 पासून केली आहे. यादीत थांब्याचं नाव एसटीच्या फलकावर असेल तसंच लिहा, वाडीचं घरगुती नाव नको.

दहावीचा पेपर 11 ते 2.10, ही दहा मिनिटं वाचनाची का?
— एक विद्यार्थी, धुळे

नाही. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी मिळायची. 2023 पासून ते बंद झालं आणि ती दहा मिनिटं शेवटी दिली जातात. प्रश्नपत्रिका 11 वाजताच हाती येईल. 40 गुणांचे पेपर 1.10 ला संपतात. वर्गात मात्र साडेदहालाच बसायचं, गावाहून येणाऱ्यांनी एक बस आधीची धरावी.