तालाचं अंग नाही, व्यायामाची सवय नाही. संगीतावरचा सायकलिंग क्लास झेपेल का?

तुम्ही विचारलंय की, जवळच्या एका छोट्या स्टुडिओत अंधाऱ्या खोलीत, मोठ्या आवाजात गाणी लावून ४५ मिनिटं जागच्या जागी सायकल चालवायला लावतात. मला कित्येक वर्षांत व्यायाम नाही, ताल तर अजिबात कळत नाही. जावं का? आणि सगळ्यांसमोर मागे पडले तर?

जा, नक्की जा. मागे पडायचं मनातून काढूनच टाका, कारण ही सायकल जागची हलत नाही. शेजारची बाई किती जड चालवतेय हे फक्त तिच्या नॉबला, म्हणजे पेडल जड-हलकं करायच्या फिरत्या बटणाला, माहीत असतं. भीती बाळगायचीच तर ती वेगळ्या दोन-तीन गोष्टींची बाळगा. त्याबद्दल मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा क्लास सुरू व्हायला दोन मिनिटं होती. बूट हातात दिले, दिवे मालवले, मी चाचपडत एका सायकलवर बसले. सीट कितीवर आहे हे कोणी बघितलं नाही आणि मलाही ते बघायचं असतं हे ठाऊक नव्हतं. सीट फार खाली होती. पूर्ण क्लास मी गुडघे छातीशी आणत काढला आणि नंतर पाच दिवस जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे कळ येत होती. हे आपल्यासाठी नाही असं ठरवून मी आठ महिने तिकडे फिरकले नाही.

मैत्रिणीच्या आग्रहाने दुसऱ्या एका स्टुडिओत गेले, तिथल्या इन्स्ट्रक्टरने क्लासआधी मला सायकलच्या बाजूला सरळ उभं केलं. सीट माझ्या कमरेच्या हाडाच्या रेषेत आणली. मग वर बसवून टाच पेडलवर ठेवायला सांगितली. पेडल अगदी खाली असताना पाय जेमतेम सरळ झाला. "आता चवडा ठेवा," ती म्हणाली, आणि गुडघ्याला आपोआप हलकासा बाक आला. हा बाक साधारण २५ ते ३५ अंशांचा हवा. सीट फार खाली असली की गुडघ्याच्या पुढच्या बाजूवर ताण येतो, फार वर असली की कंबर डावी-उजवीकडे डुलते. मग तिने दोन्ही पेडल एका पातळीत आणून पुढच्या पायाचा गुडघा पेडलच्या आसाच्या बरोबर वर येईल इतकी सीट मागे सरकवली. हँडल सुरुवातीला सीटच्या बरोबरीने किंवा किंचित वर ठेवायचं, म्हणजे पाठ आणि मान अवघडत नाही. या सगळ्याला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. गुडघा त्यानंतर एकदाही दुखला नाही.

दुसरी गोष्ट चाकाची. पुढचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, आणि पेडल बहुतेक सायकलींवर एकमेकांना पक्के जोडलेले असतात. रस्त्यावरच्या सायकलवर पाय थांबवले तरी चाक मोकळं फिरत राहतं. इथे चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच आणि तुमचे पायही सोबत ओढले जाणार. दमून एकदम पाय रोखायला गेलात तर गुडघ्याला हिसका बसतो. थांबायचं असेल तेव्हा नॉब खाली दाबा, तोच ब्रेक. बूट पेडलमध्ये अडकवणारे असतील तर टाच बाहेरच्या बाजूला वळवली की ते सुटतात. गाणी सुरू व्हायच्या आधी हे दोन्ही पायांनी तीन-तीनदा करून बघा.

आता तालाचं. तालाचं अंग नाही म्हणणाऱ्यांनाही चालताना दोन पाय आलटून पालटून टाकता येतात, आणि इथे त्याहून जास्त काही लागत नाही. प्रत्येक ठोक्याला एक पाय खाली. मिनिटाला १२८ ठोक्यांचं गाणं असेल तर पेडलचे ६४ फेरे होतात, ती झाली चढाची चाल, नॉब घट्ट. १७० ठोक्यांच्या गाण्याला ८५ फेरे, ती सपाट रस्त्याची चाल. अशा क्लासचा स्पिनिंग नावाचा मूळ कार्यक्रम जॉनी गोल्डबर्ग या दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या सायकलपटूने उभा केला. त्यात सपाटीसाठी ८० ते ११० आणि चढासाठी ६० ते ८० फेरे अशा मर्यादा घालून दिलेल्या आहेत. अंधार, मेणबत्त्या आणि गाण्याच्या ठेक्यावर डुलणं ही भर न्यूयॉर्कमध्ये २००६ साली सुरू झालेल्या सोलसायकलसारख्या स्टुडिओंनी घातली.

ठेका पकडायची माझी युक्ती अशी की इन्स्ट्रक्टरकडे बघायचंच नाही. फक्त स्वतःच्या उजव्या गुडघ्याकडे बघायचं आणि तो खाली गेला की मनात "एक" म्हणायचं. डावा पाय आपला आपण येतो. ठोका सुटला तर त्याच्या मागे धावू नका, आपल्या चालीने बसून चालवत राहा आणि ध्रुवपदाला पुन्हा सामील व्हा, कारण तिथे ठेका सगळ्यात ठसठशीत असतो. आणि सीटवर उडायला लागलात तर समजा नॉब फार सैल आहे. तो पाव वेढा घट्ट केला की पाय स्थिरावतात. बऱ्याच जणांचा ताल चुकतो तो कानामुळे नाही, या सैल नॉबमुळे.

मला ताल सापडला चौथ्या क्लासला. शेवटून दुसरं गाणं होतं, दम लागलेला, घाम हनुवटीवरून हँडलवर टपकत होता. अचानक जाणवलं की मी "एक" मोजायचं केव्हाच थांबवलंय आणि पाय बरोबर पडतोय. समोरच्या आरशात मेणबत्त्यांच्या उजेडात वीसेक गुडघे एकदम वर येत होते, एकदम खाली जात होते, आणि त्यात माझा कुठला हे ओळखू येईना. इतक्या वर्षांत व्यायाम करताना मला असं कधीच वाटलं नव्हतं. मी आजही जाते ती त्यासाठी.

पण याच आनंदात धोका आहे, म्हणून हे नीट वाचा. संगीत आणि व्यायाम यांवर लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात कोस्टास कारागेओर्गिस यांनी अनेक वर्षं काम केलंय. मध्यम जोराच्या व्यायामात गाण्यांमुळे श्रम प्रत्यक्षापेक्षा कमी वाटतात, हे त्या कामातून पुन्हा पुन्हा दिसलंय. फार जोर लावला की हा परिणाम ओसरतो. म्हणजे नवख्या माणसाला आपण किती खेचतोय ते गाण्याच्या भरात उशिरा कळतं. मांड्यांचे स्नायू मोठे, सवय नाही, आणि समोरून "अजून एक वेढा!" असा पुकारा. यातून क्वचित स्नायूंच्या पेशी फुटून त्यातला ऐवज रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांवर येतो. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१७ साली अशा तीन रुग्णांची नोंद आली, तीही स्पिनिंगच्या क्लासनंतरचीच. क्लासनंतर एक-दोन दिवसांत मांड्या नेहमीच्या दुखण्यापलीकडे ठणकायला लागल्या, सुजल्या, पाय दुमडेना किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर घरी शेकत बसू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

हे टाळणं अवघड नाही. पहिले तीन क्लास निम्म्या ताकदीने करा. शेजारणीशी एक सलग वाक्य बोलता येईल इतकाच दम लागू द्या. पुकारा झाला की हात नॉबवर न्या, पण किती फिरवायचा हे तुम्ही ठरवा, आणि अजिबात न फिरवलात तरी कोणाला कळत नाही. पाणी पीत राहा. २५ मिनिटांनी उतरावंसं वाटलं तर उतरा. हृदयविकार, रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चालत्या सायकलवर हँडलवर वाकून केलेले पुशअप आणि हलकी डंबेल्स मी सरळ सोडून देते. त्यातून हाताला फारसं काही मिळत नाही आणि तोल मात्र जातो.

कानांचंही बघा. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालतो, पण पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९७ ला अर्धा तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. मी फोमचे बोळे घालते. ठेका तरीही ऐकू येतो, तो बराचसा अंगातूनच जाणवतो. बसायची जागा पहिले तीन-चार क्लास दुखेल, पॅड असलेली सायकलिंगची चड्डी घेतलीत तर कमी दुखेल.

पहिल्या दिवशी १५ मिनिटं आधी पोहोचा, "मी नवीन आहे, सीट लावून द्या" असं स्पष्ट सांगा आणि मधल्या रांगेत, स्पीकरपासून लांबची सायकल मागा. सीट आणि हँडलच्या दांड्यांवर आकडे असतात. ते फोनमध्ये टिपून ठेवा, पुढच्या वेळी दिवे मालवलेले असले तरी सायकल तुम्हालाच लावता येईल.