चावीच्या मनगटी घड्याळाची चावी, म्हणजे कडेला फिरवायचं बटण, मशीनमध्ये जाणाऱ्या दांडीसकट हातात आली. नवी दांडी घरी बसवता येते का?

येते. पण आधी हातात आलेली दांडी भिंगाखाली धरा. आटे, मग खाच, मग चौकोनी भाग आणि शेवटी बारीक गोल टोक, असं सगळं जागेवर असेल तर दांडी मोडलेलीच नाही. आत तिला धरून ठेवणारा स्क्रू सैल झालाय. मागचं झाकण उघडा, दांडी किंचित फिरवत आत सारा, चौकोन बसला की स्क्रू आवळा. सुटलात.

खाचेपाशी तुटली असेल तर पुढचं वाचा. बहुतेक वेळा तिथेच तुटते, दांडी तिथे खाचेमुळे बारीक असते.

माझ्या हातून हेच झालं, आणि तेव्हापासून घरात मी ‘बाबांचं घड्याळ मोडणारा’ आहे. बाबांनंतर घड्याळ दोन वर्षं दादाच्या हातात होतं. एका रविवारी सहज म्हणून मी चावी द्यायला घेतली आणि ती दांडीच्या तुकड्यासकट माझ्या बोटांत आली. दादा समोरच बसला होता. झालं.

नवी दांडी मीच बसवतो म्हणालो, आणि खरी चूक तिथे केली. स्क्रू एक, फार तर दीड वळसा सैल करायचा असतो. मी पाच-सहा वळसे फिरवला. आतला खटका, म्हणजे खाचेत अडकून दांडीला धरणारी पट्टी, तबकडीच्या बाजूला गळून पडली. आता कितीही नवी दांडी घाला, ती धरणार कोण? काटे काढा, तबकडी काढा, खटका पुन्हा स्क्रूखाली आणा. तीन रविवार गेले. काही मशीनमध्ये स्क्रूऐवजी दाबायचा ठिपका असतो. तोही जोरात दाबलात तर हीच गत.

तेवढी चूक माझी, कबूल. पण दांडी मी मोडली नाही. तो तुकडा मी काडेपेटीत जपून ठेवलाय. तुटलेल्या तोंडावर सगळा तांबूस गंज आहे आणि फक्त एका कडेला टाचणीच्या टोकाएवढा चकचकीत ठिपका. मी चावी दिली त्या दिवशी तुटला तो तेवढा ठिपका. बाकीचं पोलाद आधीच खाल्लं गेलं होतं. दादा घड्याळ घालून आंघोळ करायचा आणि ओल्या हातांनी चावी ओढून वेळ लावायचा. मागे ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलंय म्हणे! चावीतलं रबर सुकलं की ती अक्षरं पाणी अडवत नाहीत. हे त्याला पन्नासदा सांगून झालंय.

तर दांडीचं माप. मशीनवर, पुष्कळदा बॅलन्स व्हीलच्या (मागेपुढे डोलणाऱ्या चाकाच्या) खाली, नंबर कोरलेला असतो. तो सांगूनच दांडी मागवा, अंदाजाने आणलेली बसत नाही. जुनीच चावी वापरणार असाल तर आटेही जुळायला हवेत. पुष्कळ घड्याळांत ते ०.९० मिमीचे असतात. दांडी मुद्दाम लांब येते. ती घालायची, चावी लावायची, आत दाबायची आणि चावी व केस (घड्याळाची डबी) यांच्यात जी फट राहते ती मोजायची. त्याहून थोडं कमीच कापा, मग कानशीने घासत घासत आणा. आखूड झाली तर दुसरी मागवायची.

जुन्या दांडीचे आटे चावीतच अडकले असतील तर चावी तुरटीच्या कोमट पाण्यात टाकून ठेवा. पोलाद हळूहळू विरघळतं, पितळेला सहसा काही होत नाही. चावी पोलादी असेल तर हा प्रयोग करू नका. (दांडीवरच्या बटणानेच चावी देण्याची, वेगळी किल्ली न लागणारी ही सोय आद्रियाँ फिलिपने १८४४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. आपण मात्र अजून ‘चावी’च म्हणतो.)

तुटलेला आतला तुकडा? खटका सैल करून घड्याळ चावीची बाजू खाली धरून हलकं टकटक करा, कधी गळून पडतो. नाहीतर तबकडी काढावीच लागते, आणि तुमची पहिलीच वेळ असेल तर तिथे थांबून घड्याळजीकडे जा. दादाचंही हेच म्हणणं होतं, तेवढं बरोबर होतं.

आणि हो, हे खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं: घड्याळाला मागचं झाकणच नसेल, मशीन काचेच्या बाजूने निघत असेल, तर दांडी मुळातच दोन तुकड्यांची असू शकते. ओढली की सुटते, नीट रेषेत धरून दाबली की पुन्हा अडकते. मग वरचं काहीच करू नका.