शाळेत शिकलेलं जुनं झालं तर?

नववीतल्या मुलाला घेऊन वडील आले होते. हातात त्याचं संगणकाचं पुस्तक. "मॅडम, शाळेत अजून पायथॉन 2 शिकवतायत, प्रोग्रामिंगच्या या भाषेची जुनी आवृत्ती. त्याचा सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला संपला. हा नोकरीला लागेपर्यंत आजचंही जुनं होईल. मग यात वेळ घालवायचा कशाला?" बाहेरचा कोर्स त्यांनी पाहून ठेवला होता. तिसरा. मुलगा मान खाली घालून बसलेला.

ही काळजी घेऊन बरेच पालक येतात, आणि ती खोटी नसते. वेबसाइटवर अ‍ॅनिमेशन आणि गेम चालवणारं फ्लॅश कितीतरी जणांनी मेहनतीने शिकलं होतं, ते 2020 अखेर बंदच झालं. म्हणून वडिलांशी वाद घातला नाही. मुलाला विचारलं, "पुस्तकातलं काही स्वतः चालवून पाहिलंस?"

मान वर झाली. सरासरीचा प्रोग्राम त्याने घरी टाइप केला होता, पायथॉन 3 वर. पहिलीच एरर: उत्तर स्क्रीनवर दाखवणाऱ्या प्रिंटला कंस नाहीत. ती वाचून त्याने कंस घातले. मग 7 आणि 8 ची सरासरी पुस्तकात 7, स्क्रीनवर 7.5! "दोन दिवस वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलंय." शेवटी त्याने कागदावर भागाकार केला, मग शोधाशोध. जुन्या पायथॉनमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की दशांश चिन्हापुढचं गळून जायचं, हे त्याचं त्याने शोधलं होतं.

वडिलांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. घरी विचारपूस व्हायची ती सर्टिफिकेटची. मला याचं फार वाईट वाटतं.

त्यांना म्हटलं, पुस्तक बदलायलाच हवं, शाळेशी जरूर बोला. पण कामावर रोज लागतं ते याने त्या दोन दिवसांत केलंय: एरर नीट वाचली, स्वतःवर शंका घेतली आणि उत्तर हाताने पडताळलं. लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं), कंडिशन (अट घालणं) भाषा बदलली तरी सोबत येतात. तिसरा कोर्स आत्ता नको. वर्षभर एकच प्रोग्राम करू दे, घरातलं कुणीतरी खरंच वापरेल असा. आणि चुकांची एक वही ठेवू दे.

वडील थोडा वेळ गप्प होते. मग मुलाकडे वळून म्हणाले, "आणि आता 7 च उत्तर हवं असेल तर?"

त्याला येत नव्हतं. दोन दिवसांनी वडिलांचा मेसेज आला: "सापडलं. भागाकाराला दोन तिरक्या रेघा द्यायच्या. मलाही करून दाखवलं."