कर्नल ऊप्स झाल्यावर सर्व्हर चालू ठेवावा की लगेच पॅनिक करून रीबूट होऊ द्यावा?

तुम्ही विचारलंय की टीममध्ये सगळ्या लिनक्स सर्व्हरवर 'पॅनिक ऑन ऊप्स' १ करायचं (म्हणजे कर्नलमध्ये, सिस्टमच्या गाभ्यात, चूक होऊन ऊप्स आला की मशीन लगेच पॅनिक होऊन थांबेल) घाटतंय, पण अर्धे लोक म्हणतात एका ड्रायव्हरच्या चुकीपायी अख्खी मशीन का पाडायची, तर बरोबर कुणाचं. माझं मत, सर्व्हर असेल तर पाडा, लगेच पाडा. हाच वाद मी काही वर्षांपूर्वी घातला होता आणि हरलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमच्याकडे नोंदी गोळा करणारा एक सर्व्हर होता, रॅम भरपूर, शेजारी स्टँडबाय, म्हणजे हा पडला की ताबा घेणारा दुसरा सर्व्हर, तयार. मी कॉन्फिगमध्ये दोन ओळी टाकून पाठवल्या, ऊप्स आला की पॅनिक, आणि पॅनिकनंतर १० सेकंदांनी रीबूट. सिनियरनी ते परत पाठवलं. त्यांचं म्हणणं, ऊप्समध्ये तेवढा एक प्रोसेस मरतो, बाकी सिस्टम ठीक असते, लिनक्स मुद्दामच तसं बनवलंय आणि ४०० दिवस अपटाइम असलेली मशीन आपणच आपल्या हाताने का पाडायची. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या, विषय संपला.

पुढे एका रात्री त्याच मशीनवर ऊप्स आला आणि मेला तो डर्टी पेजेस (रॅममध्ये लिहिलेला, पण अजून डिस्कवर न गेलेला डेटा) डिस्कवर उतरवणारा केवर्कर, म्हणजे कर्नलचाच एक थ्रेड, तोही फाइलसिस्टमचं लॉक हातात धरून. मेलेला थ्रेड लॉक सोडत नाही आणि दुसरं कुणी ते सोडवूही शकत नाही. पण पिंग येतंय, पोर्ट उघडा आहे, मॉनिटरिंग हिरवंगार, मग स्टँडबाय कशाला ताबा घेईल? ज्या प्रोग्रॅम्सनी एफसिंक मागितलं (डेटा खरंच डिस्कवर गेल्याशिवाय पुढे जायचं नाही) ते अडकून बसले, पण मुख्य ॲप्लिकेशन एफसिंक करतच नव्हतं, ते आपलं राइट करत राहिलं आणि कर्नल प्रत्येक वेळी 'झालं' म्हणून सांगत राहिला, कारण सगळं पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममध्येच, जाऊन पडत होतं. खाली डिस्कवर काहीच उतरत नव्हतं. चार तास हे चाललं.

मी लॉगिन केलं तेव्हा लोड ॲव्हरेज (चालू आणि वाट बघणाऱ्या प्रोसेसची सरासरी) ९० च्या वर आणि सीपीयू जवळपास रिकामा. डी स्टेटमधले, म्हणजे डिस्कसारख्या गोष्टीची वाट बघत अडकलेले, प्रोसेस लोडमध्ये धरले जातात हे ज्यांना माहितीये त्यांच्या पोटात इथेच गोळा येईल. डीमेसेज (कर्नलचा लॉग) उघडला तर 'टेंटेड'पुढे डी लागलेला, म्हणजे ऊप्स येऊन गेल्याची खूण, खाली '१२० सेकंदांपासून अडकलाय' असे हंग टास्कचे दहा इशारे, आणि दहा झाल्यावर कर्नल गप्प, कारण डिफॉल्ट मर्यादाच दहाची आहे. मी सिंक (कॅशमधलं सगळं डिस्कवर उतरवायची कमांड) टाइप करून एंटर मारलं. कर्सर खालच्या ओळीवर गेला आणि तिथेच थांबला. कंट्रोल सी चालेना, दुसऱ्या टर्मिनलवरून किल मायनस नाइन, म्हणजे जबरदस्तीने मारायची कमांड, दिला तरी ढिम्म. ऊप्सचा मजकूर टर्मिनलवरूनच कॉपी करून माझ्या मशीनवर घेतला, कारण जर्नलची, म्हणजे सिस्टम लॉगची, फाइलसुद्धा त्याच कॅशमध्ये अडकली होती. साधा रीबूट पण अडकलाच असता, म्हणून शेवटी सिसआरक्यू ट्रिगरमध्ये (कर्नलला थेट हुकूम द्यायची फाइल) बी लिहून मशीन पाडली. वर आल्यावर शेवटची नोंद चार तासांपूर्वीची.

आता हिशोब करा. पॅनिक झाला असता तरी कॅशमधला डेटा गेलाच असता, मान्य. पण डर्टी पेज डिफॉल्टने ३० सेकंदांनी जुनं धरलं जातं आणि ते डिस्कवर उतरवणारा फ्लशर दर ५ सेकंदांनी उठतो, म्हणजे गेला असता तो जेमतेम अर्ध्या मिनिटाचा डेटा. शिवाय स्टँडबायने ताबा घेतला असता आणि केडंप (क्रॅशच्या वेळची मेमरी जपून ठेवणारी सोय) लावलेलं असतं तर अख्खा व्हीएमकोर, म्हणजे त्या मेमरीची फाइल, हातात आला असता. हा हिशोब त्या मीटिंगमध्ये कुणी मांडला नाही. मीही नाही, मला तेव्हा तो माहीत नव्हता.

सिनियर नेहमी लिनक्सचा जनक टोरवाल्ड्स याचा दाखला द्यायचे. टोरवाल्ड्स कितीतरी वर्षं बग_ऑनच्या (कोडमध्ये चूक दिसली की तिथेच मुद्दाम ऊप्स आणणारी ओळ) विरोधात भांडतोय हे खरंच आहे, कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्येही नवीन कोडमध्ये बग वापरू नका, वॉर्न (नुसता इशारा) द्या आणि सावरून घ्या असंच लिहिलंय. पण ते कोड लिहिणाऱ्याला सांगितलंय हो! जिथे सावरता येतं तिथे मशीन मारू नकोस, एवढाच त्याचा अर्थ. ऊप्समध्ये सावरायची वेळ निघून गेलेली असते, थ्रेड अर्ध्यात मेलेला असतो आणि त्याच्या हातात काय काय होतं ते कुणाला ठाऊक नसतं. लॅपटॉपवर चालू ठेवण्यात अर्थ होता, कारण पॅनिक झाला की स्क्रीन गोठायची आणि मेसेज दिसायचाच नाही, मग बग रिपोर्ट कुठून येणार. तिथेही कर्नल ६.१० मध्ये डीआरएम पॅनिक (पॅनिकचा मेसेज स्क्रीनवर दाखवणारी सोय) आलं, ६.१२ मध्ये त्या मेसेजचा क्यूआर कोड आला, म्हणजे ते कारणही आता पूर्वीइतकं भक्कम राहिलं नाही.

आणि '६.२ पासून ऊप्स लिमिट आहे की' असं तुमच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणेलच. ती मर्यादा १०,००० ऊप्सची आहे, तेवढे झाले की पॅनिक, आणि ती सुरक्षेसाठी आहे, पुन्हा पुन्हा ऊप्स घडवून रेफरन्स काउंटर (एखादी गोष्ट किती जण वापरतायत याचा आकडा) फिरवून शून्यावर आणता येऊ नये म्हणून. माझे चार तास एकाच ऊप्सने गेले. कुणी अपटाइमचा आकडा पुढे केला तर त्यांना एवढंच विचारा की त्यातले किती तास डिस्कवर खरंच लिहिलं जात होतं.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. पॅनिकनंतर थांबायचे सेकंद मूळ कर्नलमध्ये शून्य असतात, म्हणजे मशीन रीबूट न होता तशीच लटकून राहते, तेव्हा तो आकडा न विसरता भरा. 'पॅनिक ऑन वॉर्न' (नुसत्या वॉर्नवरही पॅनिक) वेगळं, ते फझिंगला (मुद्दाम वेडंवाकडं इनपुट देऊन बग शोधायला) ठीक, मी प्रॉडक्शनवर लावत नाही. केडंपसाठी बूटच्या वेळीच मेमरी राखून ठेवावी लागते, आणि लावल्यावर सिसआरक्यू ट्रिगरमध्ये सी लिहून एकदा मुद्दाम क्रॅश करून बघा, डंप खरंच पडतो का ते. आणि तुमचा ऊप्स बूट होतानाच येत असेल तर मशीन रीबूटच्या चक्रात अडकेल, त्यामुळे रिमोट कन्सोल हाताशी नसलेल्या मशीनवर हे सगळं सगळ्यात शेवटी लावा.